पेण-रोह्याचे वायरमन आणि येणारा-जाणारा फॉल्ट

मोटारीचं वायरिंग शिकायचं तर पोरगा पेणला धाडायचा, अशी आमच्या रोह्याकडे रीत होती. मुंबई-गोवा रस्ता पेणवरून जातो आणि रोहा कोलाडपासून दहा-बारा किलोमीटर आत आहे. ज्या गावाच्या वेशीवर रोज गाड्या बंद पडतात, त्या गावात कारागीर तयार होतात. मी १९८३ साली पेणला एका गॅरेजात लागलो. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड होऊन दोन वर्षं झाली होती, तरी हमरस्त्यावरचे जुने ड्रायव्हर कुलाबाच म्हणत. पुढे मी रोह्याला स्वतःचं दुकान टाकलं, पण हात पेणचाच राहिला.

तेव्हा गॅरेजात दोन माणसं मोठी असत, फिटर आणि वायरमन. फिटरचं काम डोळ्यांना दिसतं. पिस्टन घासला तर घासलेला दिसतो, बेअरिंग गेलं तर आवाज येतो. वायरमनचं काम तारेच्या आत चालतं. त्यातही जो फॉल्ट कायमचा आहे तो कुठल्याही पोऱ्याला दोन दिवसांत सापडतो; टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थिंगला लावायचं आणि दुसरं टोक तारेवर पुढे पुढे सरकवत जायचं. वायरमन मोठा की लहान हे ठरायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टवर. गाडी रस्त्यात बंद पडते, गॅरेजात आणली की झक्कास चालू होते, आणि दोन दिवसांनी पुन्हा तिथेच बंद पडते, असा फॉल्ट.

आज लोक माझ्याकडे येतात ते मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा घेऊन. तो कधी पेटतो, कधी आपोआप विझतो, दुकानात आणली की पेटतच नाही. त्यांना वाटतं हा कॉम्प्युटरच्या जमान्यातला नवा आजार आहे. माझं म्हणणं असं की आजार पेणच्या गॅरेजांनी पन्नास वर्षांपूर्वीपासून पाहिलेला आहे, आणि त्यावर जे शहाणपण तिथे साठलं ते आजही तसंच्या तसं लागू पडतं. ते लिहून ठेवलेलं कुठेच नाही, म्हणून हा लेख.

फियाट आणि ॲम्बेसेडरच्या दिवसांत ठिणगीचं सगळं काम डिस्ट्रिब्युटरमध्ये असे. आत पॉइंट. इंजिन फिरतं तसे ते उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक उघडण्याला कॉईलमधून एक ठिणगी प्लगपर्यंत जाते. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. शेजारी अंगठ्याएवढा कंडेन्सर. हा कंडेन्सर जुना झाला की गंमत करतो: थंड असताना बरोबर चालतो, तापला की आतून गळतो. मग ठिणगी मरते. पेणकडून गोव्याला निघालेली गाडी वडखळ, नागोठणं आरामात पार करते आणि सुकेळी खिंडीच्या चढावर इंजिन तापलं की मान टाकते. ओढून गॅरेजात आणेपर्यंत कंडेन्सर निवतो आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू होते.

त्याच चढावर, तशीच, दुसऱ्या कारणानेही गाडी मान टाकत असे. उन्हाळ्यात गाडीतल्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफ ढकलत बसे. ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकत, अर्धा तास थांबत, आणि गाडी चालू होई. लक्षण एकच, जागा एकच, कारणं दोन. पंप बदलला तरी फरक नाही असं म्हणत येणारे लोक होते, आणि कंडेन्सर, कॉईल, प्लग सगळं नवं घातलं तरी फरक नाही म्हणणारेही होते.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आमचे मिस्त्री अशा गाडीला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला बाकड्यावर बसवत, चहा सांगत आणि विचारत. गाडी तापल्यावर बंद पडते की थंड असताना? चढाला की उताराला? वळणावर का? पाऊस होता का? दिवे लावलेले होते का? टाकीत पेट्रोल किती होतं? त्या वेळी मला हे वेळ घालवणं वाटायचं. पण एकेका प्रश्नामागे एकेक तार होती. वळणावर बंद पडते म्हणजे काहीतरी सैल आहे आणि गाडी कलली की सुटतं. दिवे लावल्यावर पडते म्हणजे करंट जास्त ओढला जातो तेव्हा कुठेतरी अर्थिंग कमी पडतंय. टाकी पाव भरलेली असताना पडते म्हणजे तळाचा गाळ वर येतोय. पावसातच पडते म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला बारीक तडा आहे आणि ओल्या तड्यातून ठिणगी पळतेय.

आणि प्रश्नांनी भागलं नाही तर मिस्त्री म्हणत, फॉल्ट गॅरेजात येत नसेल तर आपण त्याच्या घरी जायचं. ते खिशात एक चांगला कंडेन्सर आणि एक स्क्रू ड्रायव्हर टाकून गाडीत बसत आणि सुकेळीपर्यंत जात. गाडी बंद पडली की तिथल्या तिथे, ती निवायच्या आत, बॉनेट उघडून कॉईलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसायची, ब्लॉकपासून बोटभर धरायची आणि मला सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी उडाली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. नाही उडाली, किंवा पिवळट आणि मरतुकडी उडाली, तर कंडेन्सर. त्या दोन मिनिटांत जे कळतं ते गॅरेजात आठवडाभर बसून कळत नाही.

पावसाळ्यातली त्यांची एक तपासणी मी अजून करतो. रात्री गॅरेजाचे सगळे दिवे मालवायचे, गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं आणि प्लगच्या वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा हलकासा शिडकावा करायचा. वायरीचं रबर कुठे तडकलं असेल तर तिथून ब्लॉककडे निळ्या रेषा सुटताना डोळ्यांना दिसतात. दिवसा तीच वायर हातात घेऊन पाहिली तर नवी वाटते.

या कामाची खरी कसोटी गणपतीच्या आधी लागायची. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून मूर्ती टेम्पोत भरून मुंबईकडे, पुण्याकडे निघायच्या. आषाढ-श्रावणातला पाऊस, वर ताडपत्री, आत मूर्ती गवतात बसवलेल्या. असा टेम्पो कर्नाळ्याच्या चढाला बंद पडला तर माल दुसऱ्या गाडीत हलवणंही धोक्याचं, कारण उचलाउचलीत मूर्तीचं बोट मोडलं तरी मूर्ती वाया. कारखानदार रात्री-अपरात्री मिस्त्रींकडे येत. मिस्त्री हंगामाआधीच ओळखीच्या टेम्पोंचं वायरिंग बघून ठेवत, पैसे मागाहून घेत. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी.

मी गॅरेजात लागलो त्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या आल्याने लोक हलले, पण वायरमनला फार फरक पडला नाही. कार्बुरेटर होता, प्लग होते, शिकलेलं चालत होतं. आमच्या भागातली रोजची प्रवासी वाहतूक तर पुढे विक्रम आणि मिनीडोरवर चालली. पेण-अलिबाग, रोहा-कोलाड, जिकडे बघाल तिकडे मिनीडोर. साधं डिझेल इंजिन. डिझेल मिळालं आणि हवा मिळाली की चालणारं. त्याला तो पिवळा चेक लाइट नव्हता, कारण ज्याची तक्रार करायची असं आत काही नव्हतंच.

दिवा आला तो धुरामुळे. लॉस एंजलिसच्या धुरक्याने कॅलिफोर्नियाला मोटारींच्या मागे लागायला लावलं. १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करू लागला. पण सेन्सर बिघडला तर ड्रायव्हरला पत्ता लागणार नाही आणि गाडी धूर ओकत राहणार. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून सक्ती केली की गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि बिघाड दिसला तर दिवा लावावा. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सगळ्या कंपन्यांना एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि बिघाड सांगणारे एकाच पद्धतीचे कोड लागू झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून.

आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं आणि त्याच सुमाराला मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय झाली. कार्बुरेटर गेला, इंजेक्टर आले, मीटरमध्ये पिवळा दिवा आला. त्या पहिल्या गाड्यांना कोड वाचणारा स्कॅनर नसला तरी चाले. तपासणीच्या कपलरमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. सुझुकीच्या घराण्यात एक लुकलुक, थांबा, दोन लुकलुकी, म्हणजे बारा, म्हणजे सगळं ठीक. आमच्यासारख्या पॉइंटवर शिकलेल्या माणसांना ही पद्धत फार आवडली. तार आपली, दिवा आपला, मोजणारे आपण.

गाडीच्या या स्वतःच्या तपासणीची, म्हणजे ओबीडीची, सक्ती मात्र आपल्याकडे धुराच्या नियमांच्या भारत स्टेज चारबरोबर आली. एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत, त्यात महाराष्ट्राची मुंबई, पुणे आणि सोलापूर. ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. उरलेल्या देशाला स्टेज चार लागू झाली १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे नियमाच्या हिशेबात मुंबईची गाडी आणि रायगडची गाडी यांत सात वर्षांचं अंतर होतं. आमच्याकडे हा दिवा मोठ्या प्रमाणात आला तो सेकंड हॅण्ड गाड्यांतून. मुंबईच्या माणसाने पाच-सात वर्षं चालवलेली गाडी रोह्याच्या शिक्षकाने, धाटाव एमआयडीसीतल्या कामगाराने घेतली. गाडीबरोबर दिवाही आला, तोही जुना होऊन, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा खर्च परवडणार नाही अशा घरात आला. येणाऱ्या-जाणाऱ्या दिव्याचा प्रश्न इथे मुंबईपेक्षा अवघड आहे तो यामुळे. नव्या गाडीच्या मालकाला दिवा म्हणजे वॉरंटीचा एक फोन. इथे अंदाजाने बदललेला एक सेन्सर म्हणजे घरातला महिन्याचा किराणा.

मधे २००५ च्या जुलैचा पूर येऊन गेला. कुंडलिकेचं पाणी रोह्यात, अंबेचं नागोठण्यात. जुन्या फियाट, जीपा पाण्याखाली गेल्या त्यांचं ऑइल बदललं, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवला, प्लग साफ केले, गाड्या धावल्या. एमपीएफआय गाड्याही वाळवल्यावर चालू झाल्या आणि लोक निश्चिंत झाले. दिवाळी उलटल्यावर त्या एकेक करून परत येऊ लागल्या. कधी दिवा पेटतो, कधी आयडलिंगला गाडी घुटमळते, कधी काहीच नाही. कपलर उघडले की आत पिनांवर हिरवा थर. सेन्सरला कॉम्प्युटरकडून मिळतात जेमतेम पाच व्होल्ट, आणि ऑक्सिजन सेन्सरची तर सगळी भाषाच शून्याच्या आसपासपासून एका व्होल्टच्या आत संपते. हेडलाइटच्या बारा व्होल्टला असा थर खिजगणतीत नसतो. या बारीक व्होल्टेजला तो भिंत होतो. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि खारेपाटाकडून वर्षभर खारी हवा, त्यामुळे पूर न येताही हेच हळूहळू होतं. त्या वर्षापासून मी दिव्याची गाडी आली की आधी कपलर उघडायला शिकलो.

मग स्कॅनर स्वस्त झाले. आता मोबाइलला जोडायचा अंगठ्याएवढा डबा कुणाकडेही असतो. स्कॅनर ही फार चांगली वस्तू आहे आणि ती नाकारणाऱ्या जुन्या मिस्त्रींशी माझं जमत नाही. पण कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही, हे समजावून सांगता सांगता माझी बरीच वर्षं गेली. पी ०१३५ म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याची वायर आहे, कपलर आहे, फ्यूज आहे, अर्थिंग आहे. अर्ध्या गॅरेजांत मात्र कोड वाचला की सेन्सर बदलतात.

हाच कोड घेऊन गेल्या पावसाळ्यानंतर एक गृहस्थ आले. राहायला नागोठणं, नोकरी धाटावला. २०११ सालची छोटी पेट्रोल गाडी, तिसरा मालक. दिवा पेटायचा, तीन-चार दिवसांनी विझायचा, आठवड्याने परत. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. सेन्सर नवा, तरी दिवा तसाच. प्रत्येक वेळी कोड उडवून दिलेला. कंटाळून त्यांनी बॅटरीचा टर्मिनल काढून लावायची सवय लावून घेतली होती. मी त्यांना म्हटलं, भाऊ, आधी ती सवय बंद करा. चोरी झाल्यावर अंगण झाडून घेतल्यासारखं आहे ते.

कारण दिवा पेटतो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाचा एक पंचनामा लिहून ठेवतो: वेग किती, इंजिन किती फिरत होतं, पाणी किती तापलं होतं, इंजिनावर भार किती. बॅटरी काढली किंवा कोड उडवला की पंचनामाही गेला. आणि दिवा आपोआप विझण्यामागे चमत्कार नाही. बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तर दिवा लागतो. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर विझतो. कोड मात्र आत राहतो, इंजिन चाळीसेक वेळा थंडाचं गरम होईपर्यंत. म्हणून दिवा विझल्यावरही गाडी आणली तर वाचायला काहीतरी मिळतं. दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन सवडीने या. लुकलुकत असेल तर ठिणगी चुकतेय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळवतंय. तेव्हा गाडी दामटू नका.

त्यांना मी चालवायला सांगितलं, दिवा पेटू दिला आणि मग पंचनामा वाचला. वेग चाळिशीच्या आत, इंजिन तापलेलं, भार भरपूर. मी विचारलं, हे कुठलं ठिकाण असेल? ते क्षणभरही न थांबता म्हणाले, भिसे खिंड. सोबत कोण होतं? कामावरचे चौघे. चढ, भरलेली गाडी, दुसरा गिअर. मिस्त्रींचे तेच प्रश्न, फक्त अर्धी उत्तरं आता गाडीने दिली होती.

मग सेन्सरच्या कपलरला मागून सुई घालून हीटरच्या वायरला टेस्ट लॅम्प जोडला. इंजिन चालू, लॅम्प पेटलेला. हार्नेस हाताने हलवला, लॅम्प पेटलेलाच. पोऱ्याला गाडीत बसवलं, हॅण्डब्रेक ओढून ब्रेकवर पाय, पहिला गिअर, क्लच अर्धा सोड म्हटलं. इंजिन मागे कललं. नुसतं कललं नाही, चांगलं चार बोटं उसळलं, आणि टेस्ट लॅम्प विझला. क्लच दाबला, लॅम्प लागला. खालचं माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. भरल्या गाडीने चढ चढताना इंजिन मागे झुके, सेन्सरची वायर ताणली जाई आणि हार्नेसच्या बाजूच्या कपलरमधली पिन, जिची पकड महिनोन्‌महिने ओढ खाऊन ढिली झाली होती, ती केसभर सुटे. सेन्सर बदलताना ही बाजू कुणी पाहिलीच नव्हती. माउंटिंग नवं घातलं, पिन काढून तिची पकड आवळली, साफ केली, ग्रीस लावलं आणि वायरला ढील देऊन नवा क्लिप मारला. जुना सेन्सर त्यांनी डिकीत जपून ठेवला होता. त्याचा हीटर मल्टिमीटरवर तपासला. तो चांगला होता.

माउंटिंग का फाटतं हे रायगडकराला सांगायला नको. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ च्या शेवटी सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे पेण, वडखळ, नागोठणं या पट्ट्यात लोकांनी खड्ड्यांतून गाड्या चालवल्या. टायर आणि शॉकॲब्सॉर्बर लगेच बोलतात. माउंटिंग, क्लिप, अर्थिंगची पट्टी ही माणसं वर्षानुवर्षं सोसतात आणि मग दिव्याच्या रूपाने तक्रार करतात. माझ्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या दिव्यांपैकी बरेचसे सेन्सरचे नसतात. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी तपासायची सोपी रीत आहे: मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर आधी ती पट्टी साफ करा, मग बाकीचं बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने लोकांचे हजारो रुपये वाचलेले मी पाहिले आहेत.

२०१० ची ओबीडीवाली पहिली फळी आता पंधरा वर्षांची झाली आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी पुन्हा करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याची फी सहाशेची पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर. एम.एच. ०६ च्या या गाड्या तपासणीसाठी पेणच्या आरटीओत येतात आणि त्याआधी मालक माझ्यासारख्याकडे येऊन विचारतो, दादा, हा दिवा कधी लागतो, कधी जातो, गाडी ठेवू की विकू? या गाड्यांचे हार्नेस आता कडक झालेत, कपलरच्या कुलपाच्या जिभा हात लावताच तुटतात, आणि सुटा कपलर दुकानात मिळत नाही. अख्खा हार्नेस घ्या म्हणतात. म्हणून मी भंगारात निघालेल्या गाड्यांचे कपलर वीतभर वायरीसकट कापून आणतो आणि मॉडेल लिहून डब्यांत लावून ठेवतो. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना स्कॅनर पहिल्या दिवशीच हातात देतो. त्याच्याबरोबर एक वहीही देतो, तिच्यात ड्रायव्हरला विचारायचे मिस्त्रींचे प्रश्न लिहिलेले आहेत. पुढे कोऱ्या रांगा सोडल्या आहेत, उत्तरं भरायला.